आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन बीमिशला

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना मोकळ्या माळावरचं संग्रहालय कसं असतं ते सांगायला नको. तिथे कुंभार, लोहार, सुतार, न्हावी असे सगळे बलुतेदार पुतळ्यांच्या रूपात आपापल्या कामात गुंतलेले दिसतात. इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातल्या बीमिशच्या अशाच संग्रहालयात पुतळ्यांच्या जागी माणसं आहेत. चुलीपुढची बाई खरोखरच पाव भाजत असते, वाफेच्या इंजिनात खरोखरच कोळसा टाकला जातो आणि ट्राममध्ये बसून तुम्हाला एका काळातून दुसऱ्या काळात जाता येतं. २०२५ साली या जागेला ब्रिटनचा ‘म्युझियम ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. तो योग्य जागी गेला असं आमचं स्पष्ट मत आहे. पण बऱ्याच कुटुंबांचा इथला दिवस चुकीच्या आखणीमुळे वाया जातो, म्हणून हे सविस्तर.

आधी एक गोष्ट समजून घ्या. खोल्यांमध्ये माहितीच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण घर घरासारखं आणि दुकान दुकानासारखं दिसायला हवं. माहिती असते ती जुन्या वेशातल्या माणसांकडे. ही माणसं नाटक करत नाहीत. ‘मी १९१३ सालची शिक्षिका’ असं सोंग न घेता ती आजच्या माणसासारखी त्या काळाबद्दल बोलतात, त्यामुळे ‘महिन्याचं भाडं किती होतं’पासून ‘बाळंतपण कुठे होत असे’पर्यंत काहीही विचारता येतं. जे विचारत नाहीत त्यांना दिवसभर जुनं सामान मांडलेल्या खोल्या दिसतात आणि दुपारी तीनला मुलं कंटाळतात. घरून निघतानाच प्रत्येक मुलाला तीन प्रश्न ठरवून यायला सांगा. उच्चार मात्र जड आहेत. खाणकामगारांच्या बोलीचा हेल आजी-आजोबांना पहिल्या झटक्यात कळणार नाही. जरा हळू बोला म्हटलं की आनंदाने हळू बोलतात.

तिकीट एकदा काढलं की वर्षभर पुन्हा येता येतं, फक्त संध्याकाळच्या काही खास कार्यक्रमांना वेगळे पैसे पडतात. भारतातून आई-बाबा चार-सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांच्या मुक्कामाच्या सुरुवातीलाच पहिली खेप करा आणि परत जाण्याआधी दुसरी. सगळं एका दिवसात उरकायचा हट्ट ही इथली सर्वांत मोठी चूक. आवार ३५० एकरांचं आहे, चढ-उतार भरपूर आणि रस्त्यांवर दगडी फरसबंदी. एका खेपेला दोन-तीन भाग पुरेत. पहिल्यांदा खाणवस्ती आणि १९१३चं गाव, दुसऱ्यांदा १८२०चं दशक, १९४०चं शेत आणि १९५०चं गाव, अशी वाटणी चांगली जमते.

मोटारीने येणाऱ्यांनी ए-१ (एम) महामार्गाच्या ६३ क्रमांकाच्या फाट्यावरून स्टॅन्लीच्या दिशेने जाणारा ए-६९३ धरायचा. न्यूकॅसल साधारण ८ मैल, डरहॅम शहर साधारण १२ मैल. लंडनहून एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. रेल्वेने डरहॅमपर्यंतच तीन तास जातात आणि मग संग्रहालयात घड्याळाकडे बघत फिरावं लागतं. उन्हाळ्यात दार सकाळी १०ला उघडतं आणि संध्याकाळी ५ला बंद होतं. हिवाळ्यात वेळ कमी होतो, काही भाग बंद असतात, सगळी वाहनंही धावत नाहीत. तेव्हा आदल्या रात्री संकेतस्थळावर काय चालू आहे ते बघणं सोडू नका. जुलैतही इथे झोंबरा वारा सुटतो. साडी किंवा पंजाबी ड्रेसवर वारा अडवणारं जाकीट, पायात पकड असलेले बूट, आणि टोपी. छत्री वाऱ्यात उलटते, त्यापेक्षा रेनकोट बरा.

आत फिरायला ट्राम आणि जुन्या बसगाड्या आहेत, त्यांचं भाडं तिकिटातच आलं. ट्रामचा मार्ग सुमारे दीड मैलाचा आणि गोल आहे, म्हणजे चुकीच्या दिशेची ट्राम पकडली तरी फिरून येतेच. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. ज्यांनी लहानपणी ती पाहिली असेल त्या आजोबांना वरच्या मजल्यावर बसवा. जिना अरुंद आणि वळणाचा आहे, म्हणून गाडी उभी असतानाच चढायचं आणि थांबा येईपर्यंत उठायचं नाही. मजला उघडा असेल तर कानटोपी हवीच. पायऱ्या उंच असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना ट्रामपेक्षा बस सोपी पडते. चाकाची खुर्ची असेल तर तिच्यासाठी सोयीचं वाहन कुठून मिळेल हे प्रवेशद्वारावरच विचारून घ्या. बाबागाडी घडी होणारीच न्या. पाऊस सुरू झाला की सगळेच एकदम ट्रामकडे धावतात. अशा वेळी रांगेत भिजण्यापेक्षा जवळच्या घरात शिरून चुलीपाशी पंधरा मिनिटं गप्पा मारा, तोवर रांग ओसरते.

दार उघडताच खाणवस्ती गाठा, कारण इथल्या ‘महॉगनी’ खाणीत एका वेळी थोडीच माणसं सोडतात आणि अकरानंतर रांग वाढत जाते. ही खाण बाहेरून आणून उभारलेली नाही, ती याच जागेवरची खरी खाण आहे, १८५५ साली खोदलेली. उभ्या विहिरीत पाळण्याने उतरायची नव्हे, तर डोंगराच्या कुशीत तिरपी शिरणारी. डोक्यावर शिरस्त्राण देतात आणि ते लागतंच, कारण छत इतकं खाली आहे की मोठ्या माणसाला कंबरेत वाकून चालावं लागतं. पाठदुखी असलेल्यांनी बाहेर थांबावं. जमीन ओली आणि उतरती असते. आतला अंधार दाखवायला दिवे मालवले जाऊ शकतात, तेव्हा घाबरणारं मूल असेल तर वाटाड्याला आधीच सांगून ठेवा.

शेजारीच दिवेघर आहे, तिथे घाई करू नका. प्रत्येक कामगाराला त्याच्या क्रमांकाचा दिवा मिळत असे आणि त्याच क्रमांकाचा बिल्ला असे. संध्याकाळी बिल्ले मोजले की जमिनीखाली कोण राहिलंय ते कळायचं. दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असते. ज्योतीची उष्णता जाळीत पसरून विरते आणि बाहेरचा वायू पेट घेत नाही. शिवाय हवेत मिथेन असला तर ज्योतीवर निळसर टोपी दिसू लागते, म्हणजे दिवा उजेडही देतो आणि धोकाही सांगतो. गेट्सहेडजवळच्या फेलिंग खाणीत १८१२च्या मे महिन्यात स्फोट होऊन ९२ जण दगावले, त्यानंतर असा दिवा शोधायच्या खटपटीला जोर आला आणि १८१५ साली हम्फ्री डेव्ही आणि जॉर्ज स्टीफन्सन या दोघांनीही स्वतंत्रपणे आपापले दिवे तयार केले. या भागातले लोक अजूनही स्टीफन्सनची बाजू घेतात. त्यांना त्यावर बोलतं करा, खूप ऐकायला मिळतं. उभ्या विहिरीच्या खाणीत पाळणा वर ओढणारं वाफेचं उभं इंजिनही इथे आहे, तेही १८५५चं. ते चालू असण्याची वेळ विचारून घ्या, बंद इंजिन आणि चालतं इंजिन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खाणकामगारांची बैठी घरं हेटन-ले-होल गावातून उचलून दगडागणिक इथे पुन्हा उभारलेली आहेत. स्वयंपाकघरातली कोळशाची चूल नीट बघा. मध्ये जाळ, एका अंगाला पाव भाजायची भट्टी, दुसऱ्या अंगाला पाणी तापवायची टाकी. धुराच्या वाटेवरची झडप उघडली की भट्टी तापते, बंद केली की जाळ मंदावतो. भट्टीला तापमापक नाही. चिमूटभर पीठ तळाशी टाकून ते किती वेळात तांबूस होतं त्यावरून अंदाज घ्यायची रीत होती. आपल्या आज्या तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बघतात, तसंच. काही घरांत फाटक्या कपड्यांच्या चिंध्या गोणपाटात टोकदार दांडीने खोचून सतरंजी करण्याचं काम चालू असतं. आजीला तिथे बसवा. आपली गोधडी थरांवर थर घालून टाके घालते, ही चिंधी भोकातून खोचून दोन्ही टोकं वर काढते. हात कसा चालवायचा हे दाखवताना भाषेची अडचण येत नाही. जेवणाच्या डब्याला कामगार ‘बेट’ म्हणत आणि परसातल्या संडासाला ‘नेटी’. मुलांना हे दोन शब्द लगेच पाठ होतात.

१८९२ साली सुरू झालेली ईस्ट स्टॅन्लीची शाळाही इथेच आणून उभी केली आहे. दगडी पाट्या, लाकडी बाकं, आणि आवारात लोखंडी कडं आकड्याने पळवायचा खेळ. आपल्याकडे काठीने सायकलची रिंग पळवतात, अगदी तोच. आजोबांनी आधी पळवून दाखवावं. युक्ती एवढीच की आकडा कड्याच्या मागच्या बाजूला, खालच्या अंगाला टेकवायचा. वर टेकवला की कडं आडवं पडतं.

खाण्याचं आधीच ठरवा

मराठी कुटुंबांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. खाणवस्तीतलं डेव्हीज हे तळलेल्या माशांचं आणि बटाट्यांचं दुकान फार नावाजलेलं आहे. कढया कोळशावर चालतात, वासाने पाय आपोआप वळतात. पण तळण गाईच्या चरबीत होतं. म्हणजे मासा न खाणाऱ्या माणसाने नुसते बटाटे घेतले तरी ते गोमांसाच्या चरबीतलेच. जुन्या पद्धतीने करायचं म्हटल्यावर यात लपवाछपवी काहीच नाही, पण ‘चिप्स आहेत, चालतील’ असं धरून आजीच्या हातात पुडा देऊ नका. वनस्पती तेलातलं काही आहे का ते विचारा, खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर सरळ पुढे चला. १९५०च्या गावातल्या तळणाच्या दुकानातही हाच प्रश्न आधी विचारायचा. ज्यांना चालतं त्यांनी मात्र नक्की खावं, या चरबीत तळलेल्या बटाट्याचा कुरकुरीतपणा तेलात येत नाही. साडेअकराच्या आसपास किंवा दोननंतर जा. कोळशाची कढई प्रत्येक घाण्यानंतर पुन्हा तापायला वेळ घेते, म्हणून साडेबाराची रांग हलता हलत नाही.

बाकी ठिकाणी चहा, केक, सूप, सँडविच मिळतं. शाकाहारी माणसाचं पोट भरेल, मन भरेलच असं नाही. घरून थालीपीठ, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या नेणं सर्वांत उत्तम. बसून खायला बाक आणि हिरवळ भरपूर आहे. आत एकदा गेल्यावर पाणी आणि खाणं जवळ असलेलं बरं, कारण एका भागातून दुसऱ्या भागात जायला ट्रामची वाट धरून सहज अर्धा तास मोडतो.

गावात काय चुकवू नये

गाव १९१३ सालचं धरलेलं आहे. ते वर्ष सहज निवडलेलं नाही, ब्रिटनमधला कोळसा त्या वर्षी सर्वांत जास्त, सुमारे २८ कोटी ७० लाख टन निघाला. दुकानं, बँक, दंतवैद्याचा दवाखाना, छापखाना, खानावळ सगळं एका रस्त्यावर आहे.

गोळ्यांच्या दुकानात मागच्या बाजूला गोळ्या करून दाखवतात. तिथे उभं राहायला जागा कमी, म्हणून लहान मुलांना पुढे सोडा. साखर आणि ग्लुकोजचा पाक साधारण १५० अंश सेल्सियसपर्यंत नेतात, थंड फरशीवर ओततात, रंग-सुगंध घालून घडी घालत मळतात आणि गरम असतानाच पितळी रुळांमधून काढतात. रुळांवर कोरलेल्या आकाराच्या गोळ्यांची चादर तयार होते, ती निवली की आपटून सुटी करतात. चिक्की करणाऱ्यांना हे सगळं कळेल. पाक कमी झाला तर गोळी दाताला चिकटते, नुसती साखर जास्त ढवळली तर दाणेदार होते, म्हणून ग्लुकोज. हवा दमट असेल तर गोळ्या पुडीत एकमेकींना चिकटतात, तेव्हा घरी गेल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. कडक गोळ्यांत सहसा जिलेटिन नसतं. मऊ, चिवट प्रकार घेताना मात्र विचारून घ्या.

ॲनफिल्ड प्लेन गावाहून आणलेल्या सहकारी भांडारात छताखालून रूळ गेलेले दिसतील. गिऱ्हाइकाचे पैसे पोकळ लाकडी चेंडूत घालून उतारावरून रोखपालाकडे सोडायचे आणि मोड त्याच चेंडूतून परत यायची, अशी ती व्यवस्था. त्या काळच्या सभासदांना नफ्यातला वाटा कसा मिळायचा हेही विचारा. सांगली-कोल्हापूरकडच्या सहकारातल्या माणसाला हे ऐकताना वेळेचं भान राहणार नाही. बँकेत जुन्या नाण्यांचा हिशोब मुलांसमोर मांडा. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. हे १५ फेब्रुवारी १९७१पर्यंत चाललं. आपल्याकडे १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा, म्हणजे रुपयाचे १९२ पै. ते १ एप्रिल १९५७ रोजी नया पैसा आल्यावर संपलं. हा हिशोब आजोबांनी समजावून सांगायचा.

दंतवैद्याकडे पायाने चालवायचं दात कोरण्याचं यंत्र आहे. संवेदनशील मुलांना तिथे फार थांबवू नका. छायाचित्रकाराच्या दुकानात जुने कपडे घालून फोटो काढता येतो, त्याचे पैसे वेगळे. हवा असेल तर गावात शिरताच वेळ विचारा, दुपारनंतर गर्दी होते.

उरलेल्या काळांबद्दल थोडक्यात. १८२०च्या भागात पोकरलीचा जुना वाडा आणि वाफेच्या गाडीची छोटी फेरी आहे. स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वे १८२५ साली सुरू झाली, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या २८ वर्षं आधी. त्या सुमाराच्या इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती इथे आहेत, पण कोणतं इंजिन कधी धावेल हे दिवसागणिक बदलतं. डबे उघडे आहेत, काजळी उडते. फिकट कपडे नकोत आणि चष्मा असेल तर काढू नका. १९४०चं शेत युद्धकाळातलं आहे. ब्रिटनमध्ये रेशन ८ जानेवारी १९४० रोजी सुरू झालं आणि ४ जुलै १९५४पर्यंत पुरतं उठलं नाही. मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण २२५ ग्रॅम साखर आणि ५७ ग्रॅम लोणी. घरून निघण्याआधी एवढी साखर वाटीत काढून मुलांना दाखवा, मग इथलं स्वयंपाकघर त्यांना वेगळंच दिसेल. १९५०च्या गावात कॅफे, केशकर्तनालय, राइहोपहून आलेलं सिनेमागृह आणि खाणकामगार-चित्रकार नॉर्मन कॉर्निश यांचं घर आहे. ते घर शांतपणे बघा, भुयारात राबून आलेला माणूस संध्याकाळी काय रंगवत होता ते तिथे कळतं.

खास दिवसांना बाहेरच्या हौशी मंडळी जुने वेश आणि सरंजाम घेऊन येतात. त्या दिवशी गंमत जास्त, पण शांतपणे प्रश्न विचारायला जागा कमी. पहिली खेप साध्या दिवशी करा, शक्यतो मधल्या वारी, आणि दुसरी खास दिवसाची. बंदुकीच्या दारूचं प्रात्यक्षिक असेल तर तान्ह्या बाळाला लांब ठेवा, आवाज अंगावर येतो.

दोन गोष्टींची उणीव जाणवते. एक म्हणजे सगळं जरा जास्तच स्वच्छ आहे. इथून जवळच वेस्ट स्टॅन्लीच्या खाणीत १६ फेब्रुवारी १९०९ रोजी स्फोटात १६८ माणसं आणि मुलं गेली. १९१३च्या या वस्तीतल्या घराघरात ती आठवण ताजी असणार, पण नीटनेटक्या खोल्या बघून ते ध्यानात येत नाही. कोणीतरी विचारलं तरच सांगितलं जातं, आणि सांगतात तेव्हा फार मनापासून सांगतात. दुसरी उणीव आपल्याला जास्त टोचते. भांडाराच्या फळीवर चहाचे डबे आहेत, कापडाच्या विभागात सुती कापड आहे, पण तो चहा आसाम-सिलोनच्या मळ्यांतून आणि कापसाची गाठ कुठून-कुठून येत होती, त्या मालामागे कोणाचे हात होते, हे आपसूक कोणी बोलत नाही. गिऱ्हाइकांची गर्दी नसताना, सकाळच्या वेळी, हा विषय आवर्जून काढा आणि मुलांसमोर काढा. आमच्या मते भारतीय कुटुंबाने या दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच.

परतीचं गणित साडेतीनला मांडायला घ्या. शेवटच्या अर्ध्या तासात सगळेच प्रवेशद्वाराकडे निघतात आणि दोन-दोन ट्राम भरून जातात. थकलेलं मूल आणि दुखरे गुडघे घेऊन चढ चालायचा नसेल तर चारच्या आत थांब्यावर हजर राहा. आणि निघताना तिकिटाचा पास कोणाच्या पाकिटात ठेवलाय ते बघून घ्या, दुसऱ्या खेपेला तोच लागतो.